कृष्णविवर सगळं गिळतं, मग हा झोत कुठून येतो?



"कृष्णविवर सगळं गिळतं, प्रकाशसुद्धा बाहेर येत नाही," असं मी वर्गात सांगितलं. एका मुलीने एम 87 दीर्घिकेचा फोटो पाहिला होता. तिने विचारलं, "सर, मग त्यातून झोत कसा निघतो?" मी वेळ मारून नेली. घरी वाचलं तेव्हा कळलं, माझंच वाक्य अर्धवट होतं.

झोत आतून येत नाही, बाहेरून येतो. या कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे 650 कोटी सूर्यांएवढं. त्याच्याभोवती फिरणारा वायू इतका तापतो की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हाच प्लाझ्मा, पदार्थाची चौथी अवस्था. तो वीजवाहक असल्याने चुंबकीय रेषा त्याला जणू चिकटलेल्या असतात आणि त्याच्यासोबत ओढल्या जातात.

पीळ कसा पडतो? फिरणारं कृष्णविवर जवळचा अवकाशही सोबत फिरवतं. त्यामुळे चुंबकीय रेषांना सुंभासारखा पीळ बसतो. या पिळातून ऊर्जा बाहेर जाते आणि काही प्लाझ्मा अक्षाच्या दिशेने फेकला जातो. ऊर्जा मिळते ती फिरण्यातून, म्हणून कृष्णविवराची गिरकी किंचित मंदावते. ही कल्पना ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांनी 1977 मध्ये मांडली. एम 87 चा झोत सुमारे 5,000 प्रकाशवर्षे लांब आहे!

पुरावा काय? 2019 मध्ये या कृष्णविवराची पहिली प्रतिमा आली. 2021 मध्ये त्याच कड्याच्या ध्रुवित प्रकाशाचा नकाशा आला. प्रकाशलहरी कोणत्या दिशेत डोलतात, यावरून चुंबकीय क्षेत्राची ठेवण कळते. ते क्षेत्र 1 ते 30 गॉस निघालं. फळ्यावर कागद लावायच्या चुंबकाला टेकूनही याहून जास्त असतं! पण इथे ते नेपच्यूनच्या कक्षेहून कितीतरी मोठ्या भागात पसरलेलं आहे. म्हणूनच ते आत पडणाऱ्या वायूला काही प्रमाणात रोखू शकतं.

वर्गात करून बघा: कागदाखाली चुंबक ठेवा, वर लोहकीस भुरभुरवा. अदृश्य क्षेत्राचा आकार दिसतो. मग दोरीला पीळ देऊन दाखवा. मात्र लोहकीस म्हणजे प्लाझ्मा नव्हे, हे मुलांना जरूर सांगा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हटलं, "काल माझं चुकलं. आत गेलेलं परत येत नाही, पण जवळ आलेलं सगळंच आत जात नाही." ती मुलगी हसली. मुलांसमोर चूक कबूल केल्याने आपला मान कमी होत नाही, हा धडा मलाही मिळाला.