ऊबदार कपड्याची पारख : थंडीच्या दिवसांतील एक पाठ

उत्तर महाराष्ट्रातील थंडीची ओळख तेथील शिक्षकांस करून देण्याचे कारण नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे डिसेंबर व जानेवारी महिन्यांत पहाटेचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते. काही वर्षी ते ५ अंशांच्याही खाली उतरलेले आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून व तोरणमाळच्या बाजूस असाच अनुभव येतो. आकाश निरभ्र व हवा कोरडी असल्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने सोडून देते, आणि त्यात उत्तरेकडील वारे सुरू झाले म्हणजे पहाट बोचू लागते. परंतु याच गावी दुपारी ऊन २५ ते ३० अंशांपर्यंत चढते, हेही तितकेच खरे. सकाळी कुडकुडणारे मूल दुपारच्या सुट्टीत घामाघूम होऊन खेळत असते. एकाच दिवसातील हा फरक पुढील विवेचनात सतत ध्यानात ठेवावयाचा आहे.

दिवाळीनंतर आठवड्याच्या बाजारात स्वेटर, जाकिटे व कानटोप्या यांचे ढीग लागतात. कुटुंबाने मोठ्या कष्टाने बाजूस काढलेले पैसे त्या ढिगाशी खर्च होतात, आणि निवड होते ती बहुधा जाडी, वजन व चकाकी पाहून. प्रस्तुत लेखकानेही एके वर्षी आपल्या पुतण्यासाठी असेच एक जाडजूड, चकचकीत जाकीट घेतले होते. पहिल्याच धुण्यात आतील भरण गोळा होऊन तळाशी जमा झाले आणि खांद्यावर कापडाचे नुसते दोन पापुद्रे राहिले. मुलगा बिचारा काही बोलला नाही. पण तो हिवाळा त्याने आजोबांच्या जुन्या स्वेटरवरच काढला. कपडा ऊब कशी देतो हे खरेदीपूर्वी ठाऊक असते, तर ते पैसे वाया गेले नसते. म्हणून हा पाठ पाचवी ते सातवीच्या वर्गांस दिवाळीची सुट्टी संपताच, म्हणजे खरेदी होण्यापूर्वी, द्यावा. बर्फाचा प्रयोग चौथीसही दाखविण्यास हरकत नाही.

बर्फ आणि घोंगडी

बाजाराच्या गावाहून बर्फाचा एक खडा आणवून त्याचे दोन सारखे तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे, म्हणजे वितळलेले पाणी बाहेर येणार नाही. एक पिशवी थाळीत उघडी ठेवावी. दुसरी घोंगडीच्या तीन-चार घड्यांत गुंडाळावी. मग वर्गास विचारावे, कोणता बर्फ आधी वितळेल?

बहुतेक मुले सांगतील, "गुरुजी, घोंगडीतला. घोंगडी गरम असते ना!" या उत्तरास हसू नये व ते लगेच दुरुस्तही करू नये. किती मुलांचे काय मत आहे हे फळ्यावर लिहून ठेवावे आणि अर्धा तास दुसरे काम चालवावे. त्यानंतर घोंगडी उलगडली की आतला तुकडा उघड्या तुकड्याहून मोठा राहिलेला दिसेल. वर्गात या वेळी जी शांतता पसरते, तिचा शिक्षकांनी पुरता लाभ घ्यावा. बर्फाच्या लादीवर भुसा व गोणपाट का घालतात, हे आता मुले आपण होऊन सांगतील.

यातून एकच गोष्ट मनावर ठसवावयाची आहे. कपड्यात ऊब नसते. ऊब आपल्या देहात असते. माणसाचे शरीर सुमारे ३७ अंशांवर असते, बाहेरची हवा त्याहून थंड असते, आणि उष्णता नेहमी उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. कपडा केवळ हे जाणे मंद करतो. घोंगडीने बर्फाकडे येणारी बाहेरची उष्णता अडविली. पांघरली असता तीच घोंगडी आपली उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

हे अडविण्याचे काम धाग्यापेक्षाही धाग्यांमध्ये कोंडलेली हवा करते. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत दुर्वाहक आहे. लोकरीचा तंतू स्वभावतः कुरळा असल्यामुळे तो शेजारच्या तंतूस चिकटून बसत नाही. मध्ये असंख्य लहान पोकळ्या राहतात व त्यांत हवा अडकून पडते. हवा वाहती झाली की हा गुण संपतो, म्हणून सैल विणीचा स्वेटर वाऱ्यात एकटा पुरत नाही. काश्मीरचा फिरन मुद्दाम ढगळ शिवलेला असतो, याचेही कारण त्याच्या आत राहणारा हवेचा थर हेच आहे. आपल्याकडील रजईचे उदाहरण मुलांस अधिक जवळचे वाटेल. दोन-तीन हिवाळे वापरलेली रजई दबून पातळ होते व थंडी लागू लागते. तोच कापूस पिंजून घेतला की ती पुन्हा उबदार होते. कापूस तेवढाच असतो, वाढलेली असते ती आतील हवा. घरची गोधडीही याच तत्त्वावर शिवलेली आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर घालून टाके मारले की प्रत्येक दोन थरांमध्ये थोडी हवा राहते. ज्या आजीने ती शिवली तिने शास्त्राचे पुस्तक पाहिलेले नसेल. परंतु तिच्या हाताला हा नियम ठाऊक होता.

ओलावा

दुसऱ्या प्रयोगास तीन सारखे लोटे व कोमट पाणी पुरे. पाणी ५० अंशांहून अधिक तापवू नये. एक लोटा उघडा ठेवावा, दुसरा कोरड्या लोकरी कापडात व तिसरा भिजवून पिळलेल्या सुती कापडात गुंडाळावा. पाव तासाने तिन्हींतील पाणी पाहावे. तापमापक असल्यास उत्तम, नसल्यास बोट बुडवून अंदाज घ्यावा. मात्र ताप पाहण्याचा घरगुती तापमापक वापरू नये, कारण त्याचे माप सुमारे ४२ अंशांपर्यंतच असते. ओल्या कापडातील लोटा उघड्या लोट्याहूनही लवकर निवतो, हे पाहून मुलांस नवल वाटेल. येथे छागळीची किंवा माठाची आठवण करून द्यावी. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. शिवाय पाणी हे स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णतावाहक आहे. त्यामुळे कापडातील पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरले की कापड उलटेच काम करू लागते.

सुती कापड पाणी शोषते व लवकर वाळत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. पावसात घोंगडीची खोळ करून मेंढरांमागे उभा असलेला धनगर मुलांनी पाहिलेला असतो. पॉलिएस्टर व ॲक्रिलिक हे कृत्रिम धागे पाणी फारसे पीत नाहीत व लवकर वाळतात, हा त्यांचा गुण मान्य केला पाहिजे. पॉलिएस्टरचे मऊ लवदार कापड वजनाने हलके व चांगले ऊबदार असते, आणि गरीब कुटुंबास ते परवडते. लोकर तेवढी चांगली व बाकी सर्व वाईट, असे शिकवू नये.

परंतु आगीच्या बाबतीत फरक मोठा आहे, आणि तो मुलांस स्पष्टपणे सांगितला पाहिजे. आपल्या गावांतून पहाटे शेकोटी पेटते व मुले तिला खेटून बसतात. लोकर सहजी पेट घेत नाही. ज्योत दूर झाली की ती बहुधा आपोआप विझते व तिची राख होते. नायलॉन व पॉलिएस्टर वितळतात, आणि तो तप्त रस कातडीस चिकटतो. ॲक्रिलिक तर चटकन पेटते. शिक्षकांनी प्रत्येकाचा एक-एक धागा चिमट्यात धरून, वर्गाबाहेर, पाण्याची बादली जवळ ठेवून स्वतः जाळून दाखवावा. मुलांच्या हाती काडी देऊ नये. केस जळाल्यासारखा वास आला तर लोकर, आणि टोकाशी कडक मणी तयार झाला तर कृत्रिम धागा, ही खूण त्यांस जन्मभर उपयोगी पडेल. दुकानदाराने 'शुद्ध लोकर' म्हणून दिलेल्या स्वेटराच्या शिवणीतून निघालेला धागाही मग खरे बोलू लागतो.

बाजारात गेल्यावर

आता जाकिटाची पारख. वजन तोलून पाहण्यात अर्थ नाही. मुठीत दाबून सोडावे. चटकन फुगून पूर्ववत झाले तर आत हवा राहील असे भरण आहे. कापडास तोंड लावून जोराने फुंकावे. श्वास आरपार गेला तर सायकलवरील वाराही जाईल. भरण जागोजाग टाके घालून चौकटींत धरलेले आहे की मोकळे सोडलेले आहे, हे चाचपून पाहावे. (पुतण्याच्या जाकिटाची गोष्ट वर आलीच आहे.) मग गळा, मनगटे व कंबर पाहावी, कारण तापलेली हवा याच वाटांनी निसटते. गळा हनुवटीपर्यंत बंद होतो का, बाह्यांच्या तोंडाशी रबर किंवा विणीची पट्टी आहे का, चेनच्या मागे कापडाची झडप आहे का? चेन दुकानातच पाच-सहा वेळा वरखाली करावी. चेन बिघडलेले जाकीट म्हणजे पुढून उघडे जाकीटच. लांबी कमरेखाली चार बोटे तरी असावी. माप घेताना आत सदरा व एक स्वेटर मावेल इतकी ढिलाई ठेवावी. परंतु पुढील तीन वर्षे चालावे म्हणून फारच मोठे घेऊ नये, कारण हालचालीबरोबर त्यातून वारा खेळत राहतो. रंगाबद्दल वाद घालण्यात वेळ दवडू नये. मळ न दिसणारा रंग बरा.

तथापि एकच जाड जाकीट घ्यावे की पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, हा प्रश्न आपल्या हवामानात अधिक महत्त्वाचा आहे, आणि लेखकाचे मत थरांच्या बाजूने आहे. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १९९९ साली सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशमी, सुती व लोकरी कपड्यांचे अनेक थर आणि वरून वारा अडविणारे घट्ट विणीचे कापड होते. तेथील थंडीशी आपल्याला कर्तव्य नाही. पण ही रीत आपल्या उपयोगाची आहे. सकाळी सात वाजता सदरा, त्यावर स्वेटर व त्यावर वारा अडविणारे पातळ जाकीट. नऊ वाजता जाकीट दप्तरात. अकरा वाजता स्वेटरही. जाड जाकीट घातलेले मूल मात्र ते काढावयास तयार नसते, घामाने आतून भिजते व सायंकाळी तोच ओलावा अंगावर घेऊन गारठते. ज्या घरी जाकिटाचे पैसे नाहीत तेथे जुन्या लुगड्याचे तीन-चार थर व मध्ये फाटक्या स्वेटराचे कापड घालून गोधडीच्या टाक्यांनी बिनबाह्यांची बंडी शिवता येते. कार्यानुभवाच्या तासास हे काम उत्तम आहे. तिच्यावर घट्ट विणीचा सदरा घातला की थंडी बरीचशी अडते.

एक नाजूक बाब

प्रत्येक वर्गात अशी दोन-चार मुले असतात की ज्यांच्या अंगावर जानेवारीतही एक सदराच असतो. "आज कोणी कोणते स्वेटर घातले आहे ते दाखवा," असे सांगून या पाठाचा आरंभ करणे सर्वांत सोपे वाटते, आणि तेच सर्वथा टाळावयास हवे. प्रयोगासाठी कापडे शिक्षकांनी आपल्या घरून आणावीत. मुलांच्या अंगावरील कपडे उदाहरणास घेऊ नयेत. मूल घोंगडी पांघरून आले व इतर हसले, तर बर्फाचा प्रयोग त्याच दिवशी करावा आणि त्या मुलास न विचारता शाळेचीच घोंगडी वापरावी. दख्खनी मेंढीची भरड लोकर, मागावर विणलेली व चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी टोचते हे खरे. आत सदरा असला की टोचणे संपते. बाजारातील अनेक जाकिटांहून ती वारा व ओलावा अधिक चांगला सोसते, हे शिक्षकांच्या तोंडून वर्गाने ऐकले पाहिजे.

गावातून जुने ऊबदार कपडे जमवावयाचे असल्यास ते वर्गासमोर वाटू नयेत. शाळा सुटल्यावर पालकांस बोलावून, किंवा घरी जाऊन द्यावेत. देण्यापूर्वी ते धुतलेले, बटणे लावलेली व चेन चालणारी असावी. थंडीमुळे उशिरा येणाऱ्या मुलास दाराशी उभे करण्यापूर्वी त्याच्या अंगावर काय आहे हे एकदा पाहावे. परिपाठ वाऱ्याच्या बाजूस न घेता उन्हाच्या बाजूस, भिंतीच्या आडोशाने घेणे तर कोणत्याही खर्चावाचून शक्य आहे.

शेवटी कपड्यांची निगा. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळले की ते एकमेकांत गुंततात व स्वेटर आटतो. म्हणून लोकर थंड पाण्यात रिठ्याच्या फेसाने धुवावी, पिळू नये, दाबून पाणी काढावे व दोरीवर न टांगता सावलीत सपाट पसरून वाळवावी. भरणाचे जाकीट वाळताना मधूनमधून हाताने झटकावे, म्हणजे आतील गोळे सुटतात. होळीनंतर कपडे ठेवून देताना ते स्वच्छ व पूर्ण कोरडे असावेत, कारण मळ व घामाच्या डागांवर कसर आधी लागते. कडुनिंबाचा वाळलेला पाला घड्यांमध्ये घालावा आणि पेटी पावसाळ्यानंतर एकदा उघडून कपड्यांस ऊन दाखवावे.