पेशीदान : संशोधन, संमती आणि लाभाचा प्रश्न

जिवंत माणसाच्या यकृताचा सूक्ष्म तुकडा काढून तपासता येतो. मेंदूच्या बाबतीत ही सोय जवळजवळ नाही. कंपवात, अल्झायमर, हंटिंग्टन यांसारख्या चेताऱ्हासी विकारांत चेतापेशी वर्षानुवर्षे हळूहळू नष्ट होत असतात आणि लक्षणे दिसू लागतात तेव्हा बरीच हानी होऊन गेलेली असते. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूचा अभ्यास होतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून अशी मेंदूपेढी आहे. परंतु तेथे विकाराचा शेवट दिसतो, आरंभ नव्हे.

ही अडचण मूलपेशींच्या संशोधनाने काही अंशी दूर केली. १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशी वेगळ्या केल्या, तेव्हा भ्रूणाच्या वापराविषयी मोठा नैतिक वाद उभा राहिला. क्योतो विद्यापीठातील शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये मानवाच्या त्वचापेशींत चार जनुके घालून त्यांना पुन्हा मूलपेशींसारखी अवस्था प्राप्त करून दिली. या प्रेरित बहुक्षम मूलपेशी होत. २०१२ मध्ये यामानाका यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आता रुग्णाच्या दंडातून घेतलेल्या थोड्याशा रक्तापासून त्याच्याच जनुकीय घडणीच्या चेतापेशी प्रयोगशाळेत वाढविता येतात.

यासाठी दाता केवळ रुग्णच असावा लागतो असे नाही. त्याच घरातील निरोगी भावंडाच्या पेशीही तुलनेसाठी तितक्याच मोलाच्या असतात. निम्हान्स, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि इन्स्टेम या बंगळुरूतील संस्थांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात एकाच कुटुंबातील अनेक व्यक्तींना मनोविकार वा स्मृतिभ्रंश असलेली कुटुंबे याच हेतूने निवडण्यात आली. दिल्लीतील जीनोमिक्स व समग्र जीवविज्ञान संस्थेने तोल जाणे, हात थरथरणे अशी लक्षणे असलेल्या एससीए-१२ या आनुवंशिक विकाराच्या रुग्णांपासून मूलपेशींच्या वाहिन्या तयार केल्या. हा विकार भारतात मुख्यत्वे उत्तरेकडील अग्रवाल समाजात आढळला आहे. जो विकार इतरत्र क्वचित दिसतो, त्याचा अभ्यास येथील दात्यांवाचून होणे कठीण.

निरोगी दात्याचे महत्त्व जपानने दाखवून दिले. तेथे कंपवाताच्या ज्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, तीत एका निरोगी व्यक्तीच्या रक्तपेशींपासून तयार केलेल्या चेतापेशी सात रुग्णांच्या मेंदूत रोपण करण्यात आल्या. दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. परिणामकारकतेसाठी तपासलेल्या सहापैकी चौघांच्या हालचालींत सुधारणा आढळली. संख्या लहान आहे, हे विसरू नये. तो दाता निवडला गेला कारण त्याचा ऊतिप्रकार सुमारे १७ टक्के जपानी लोकांशी जुळतो. भारतासारख्या, शतकानुशतके जातीअंतर्गत विवाह होत आलेल्या देशात मोजक्या दात्यांवर असे भागणार नाही. येथे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे.

मग दाता पुढे का येतो? त्याला स्वतःला जवळजवळ काहीच मिळत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत ही बाह्य लाभाची वस्तू आहे : खर्च एकाचा, फायदा अनेकांचा. पैसे देऊन पुरवठा वाढवावा, असे सुचविणे सोपे आहे. पण रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाविषयी दाखविले की, मोबदल्यामुळे दानाची वृत्ती आणि रक्ताची सुरक्षितता दोन्ही ढासळू शकतात. भारतातही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. पेशींच्या बाबतीतही दात्याच्या प्रत्यक्ष खर्चाची भरपाई मान्य आहे, विक्री नाही.

खरा पेच पुढे आहे. दाता विनामूल्य देतो, पण त्या पेशीतून घडणारे ज्ञान विनामूल्य राहीलच असे नाही. अमेरिकेतील जॉन मूर यांच्या प्लीहेतील पेशींपासून तयार केलेल्या वाहिनीचे १९८४ मध्ये पेटंट घेण्यात आले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतलेल्या पेशींवर मूर यांची मालकी नाकारली. मात्र डॉक्टरने आपला आर्थिक हितसंबंध आधी सांगायला हवा होता, असे स्पष्ट केले. कॅनव्हन हा बालकांचा मेंदू क्षीण करणारा विकार. पीडित मुलांच्या पालकांनी ऊती आणि पैसा, दोन्ही दिले. १९९३ मध्ये जनुक सापडले. १९९७ मध्ये संशोधन करणाऱ्या रुग्णालयाला पेटंट मिळाले आणि ज्या चाचणीसाठी पालकांनी धडपड केली, तिच्यावर शुल्क बसले. २००३ मध्ये न्यायालयाने पालकांचा मालकीचा दावा फेटाळला, पण अनुचित लाभाचा दावा पुढे चालू दिला; नंतर तडजोड झाली. दात्यांचा विश्वास एकदा गेला की तो न्यायालयातून परत मिळत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या मार्गदर्शक सूचना (२००७, सुधारित २०१३ आणि २०१७) या दृष्टीने वाचाव्यात. संमतीपत्रात पेशींची वाहिनी दीर्घकाळ टिकेल, अन्य प्रयोगशाळांना दिली जाईल आणि तिचा व्यापारी वापर होऊ शकेल, हे दात्याला समजेल अशा भाषेत असले पाहिजे. व्यापारी लाभाचा काही भाग समाजाकडे वळविण्याची अपेक्षाही आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबाबत प्रश्न अधिक नाजूक होतो : संमती कायदेशीर प्रतिनिधी देतो, पण जनुकीय माहिती भावंडांचीही उघड होते. माघार घेण्याचा हक्क आहे. तथापि ओळखीच्या खुणा पुसून वाटल्या गेलेल्या पेशी परत बोलावता येत नाहीत.

विद्यार्थ्यांनी संशोधन आणि उपचार यांतील सीमारेषाही लक्षात घ्यावी. २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचनांच्या शीर्षकातून 'उपचार' हा शब्द मुद्दाम वगळण्यात आला. काही रक्तविकारांसाठीचे मान्य रोपण सोडले, तर मूलपेशींचा रुग्णावरील वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो आणि चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून कंपवातावर मूलपेशींच्या 'उपचारा'साठी लाखो रुपये मागणारे चिकित्सालय संशोधन करीत नसते. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनी मूलपेशीजन्य उत्पादनांना नवीन औषध मानले. त्यामुळे चाचणीतील रुग्णाला भरपाईसह कायद्याचे संरक्षण मिळाले. प्रयोगशाळेसाठी पेशी देणाऱ्या दात्याचा आधार मात्र मुख्यत्वे नीतिसमिती आणि त्याने सही केलेला कागद, हाच आहे.