खांब कुणाचा, ते आधी विचारा

रस्त्यावरच्या खांबाला कॅमेरा लावायचा म्हटलं की लोकांना वाटतं, एक अर्ज, एक सही, झालं काम. नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या गल्लीलाही तसंच वाटलं होतं. लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या, वर्गणी निघाली, आणि कॅमेरेवाल्याने ‘परवानगीचं मी पाहून घेतो’ म्हणत सहा खांबांवर सहा कॅमेरे चढवले. पावसाळ्याच्या तोंडावर लाइनवरची माणसं देखभालीला आली, त्यांनी सहाही उतरवले आणि पोत्यात भरून एका फाटकापाशी ठेवले. मग गल्लीने हे झेंगट माझ्या गळ्यात घातलं. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेलो, नोकरी खांब, तारा आणि कागद यांतच गेलेली. तेव्हा काकांना विचारा, असं ठरलं.

गल्ली लाइनमनवर चिडलेली होती. मला मात्र त्याचं म्हणणं पटलं. “काका, या खांबावर चढाचं मले हाय,” तो म्हणाला. “म्या लाइन बंद करून चढलो, अन् तुमच्या डब्ब्यात कोनाच्या घरून करंट येऊन राहिला, तं मले कसं समजन?” डबा मी उघडून पाहिला. पत्र्याची पेटी, आत दहा-पंधरा वॉटचा अ‍ॅडॉप्टर, काळी टेप गुंडाळलेला जोड, अर्थिंगचा पत्ता नाही. वीज समोरच्या बंगल्यातून रस्ता ओलांडून आणलेली. पेटी बांधली होती ती नेमकी चढणाऱ्याच्या कमरेचा पट्टा जिथे अडकतो त्या उंचीवर. आणि दोन सिमेंटच्या खांबांना चक्क ड्रिलने भोकं पाडलेली! या खांबांच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा असतात. भोकातून पाणी शिरलं की त्या गंजतात, आणि खांब बाहेरून धडधाकट दिसत असतानाच आतून कमजोर होतो. तो पडतो तेव्हा कॅमेऱ्यावर नाही, रस्त्यावरच्या माणसावर पडतो.

तेव्हा पहिला प्रश्न परवानगीचा नाहीच. खांब कुणाचा, हा आहे.

जुन्या गल्ल्यांत उघड्या तारांचा खांब बहुतेक महावितरणचा असतो आणि त्यावरचा दिवा महापालिकेचा. वर पाहून तारा मोजा. तीन फेज, एक न्यूट्रल आणि जोडीला एक पाचवी तार दिसली, तर ती पथदिव्यांची. ही तार फक्त संध्याकाळी जिवंत होते आणि पहाटे बंद पडते. ‘दिव्याच्याच तारेवरून कॅमेऱ्याला वीज घेऊ’ म्हणणारा कॅमेरेवाला भेटला तर त्याला एवढंच विचारा, की दिवसा काय करणार? मोठ्या रस्त्यांवर पोकळ लोखंडी खांब असतात, बुडाशी झाकण, आत जमिनीखालून आलेली केबल. तो सहसा महापालिकेचा. सिग्नलचा खांब वेगळा, स्मार्ट सिटीच्या कॅमेऱ्यांचा वेगळा. म्हणूनच एका कार्यालयात ‘खांब आमचा नाही’ आणि दुसऱ्यात ‘दिवा आमचा, खांब नाही’ असं ऐकायला मिळतं. टोलवाटोलवी वाटते, पण दोघंही खरंच बोलत असतात.

खांबावर रंगवलेला क्रमांक टिपून घ्या, क्रमांक वाचता येईल असा फोटो काढा आणि मगच अर्ज लिहा. ‘आमच्या गल्लीतील खांब’ असं लिहिलेला अर्ज कुणाच्याच टेबलावर स्थिरावत नाही. धरमपेठ हा महापालिकेच्या दहा झोनपैकी दुसऱ्या क्रमांकाचा. दिव्याच्या खांबासाठी तिथल्या विद्युत विभागाकडे जायचं. महावितरणच्या खांबासाठी आपल्या वीजबिलावर ज्या उपविभागाचं नाव असतं तिथे. मालकी कुणीच सांगत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 2005 च्या कायद्याने 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि ‘हा खांब अमुक विभागाचा’ एवढी एक लेखी ओळ पुढच्या सगळ्या चर्चेत कामी येते. दरवेळी आवक क्रमांकासह पोहोच घ्या. तोंडी ‘लावून घ्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. इथे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकच होते. त्या काळात ‘आमच्या माजी नगरसेवकांनी हो म्हटलंय’ हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं! नगरसेवक पदावर असला तरी त्याची शिफारस होते, परवानगी नव्हे.

अर्जात लोक कॅमेऱ्याची कंपनी आणि किती मेगापिक्सेल तेच लिहितात. अभियंत्याला त्यात काडीचा रस नसतो. त्याला हवं ते वेगळं: वजन किती, पेटी केवढी, जमिनीपासून आणि सर्वांत खालच्या तारेपासून किती अंतरावर, क्लॅम्प कसला, वीज कुठून, अर्थिंग कसं, आणि उद्या खांब बदलायचा झाला तर स्वखर्चाने कोण काढणार. नुकसानभरपाईचं हमीपत्रही तो मागेल. ‘रहिवासी’ अशा मोघम नावाने ते देता येत नाही. नोंदणी झालेली सोसायटी किंवा संस्था लागते. आमच्या गल्लीचं घोडं इथेच अडलं. वर्गणी सगळ्यांची, जबाबदारी कुणाचीच नाही.

कुणीतरी हमखास सांगतं, की ‘60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं’. तशी तरतूद 2016 च्या मार्गाधिकार (राइट ऑफ वे) नियमांत होती, पण ती दूरसंचाराच्या परवानाधारकांसाठी. ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीने 5जीच्या छोट्या पेट्या पथदिव्यांच्या खांबांवर बसवायची वाट मोकळी केली. तेव्हा शहरी भागात एका खांबामागे वर्षाला 300 रुपये होते. 1 जानेवारी 2025 पासून नवे नियम आले. केबलवाल्यांसाठीही 1995 च्या केबल कायद्यात मार्गाधिकाराचं कलम आहे. गल्लीच्या कॅमेऱ्याला यातलं काहीच लागू नाही. खांबाला दहा केबलवाल्यांच्या गुंडाळ्या लटकलेल्या दिसतात म्हणून आपलीही पेटी चालेल, असाही अर्थ काढू नका. त्यातल्या किती गुंडाळ्यांना परवानगी आहे, ते देव जाणे.

विजेबद्दल एक गोष्ट कान देऊन ऐका. घरच्या मीटरवरून रस्त्यापलीकडे वीज देणं ही शेजारधर्माची गोष्ट वाटते, पण ज्या आवारासाठी जोडणी मंजूर आहे त्याच्या बाहेर ती वापरली, तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापराचं बिल येऊ शकतं. ते त्या सज्जन शेजाऱ्याच्या नावे येतं, गल्लीच्या नाही.

मी शेवटी गल्लीला विचारलं, खांब लागतोच का? फिरून पाहिलं तर पाच कॅमेरे कंपाउंडच्या भिंतींवर आणि फाटकांच्या खांबांवर आरामात बसत होते. सहाव्यासाठी कोपऱ्यावरच्या बंगल्यात आवाराच्या आत एक जीआय पाइप उभा केला. नेटवर्कच्या केबलमधूनच वीज जाते अशी जोडणी घेतली. तीत व्होल्टेज कमी असतं आणि शंभर मीटरपर्यंत ती चालते. रस्ता कुठेच ओलांडावा लागला नाही, कारण प्रत्येक बाजूला वेगळा रेकॉर्डर ठेवला. खर्च थोडा वाढला. चौकातच कॅमेरा हवा असेल, तर पोलीस ठाण्यामार्फत मागणी करणं बरं. शहरात सुमारे 700 ठिकाणी सरकारी कॅमेऱ्यांचं जाळं आहे. त्याला स्वतःचे खांब आहेत, वीज आहे आणि जबाबदार धरायला एक यंत्रणाही आहे.

भिंतीवर लावताना मात्र समोरच्याची गॅलरी चित्रात येते का, ते त्याला बोलावून दाखवा. रेकॉर्डर कुणाच्या घरी, पासवर्ड कुणाकडे, चित्रण किती दिवसांनी पुसायचं आणि ते बघायला कुणाची संमती लागेल, हेही आधी कागदावर उतरवा. आमच्याकडे दोन बाजूंचे दोन रेकॉर्डर आणि पासवर्ड सांभाळायला तयार असलेली माणसं सात. त्यांची बैठक येत्या रविवारी पुन्हा आहे.