आमच्या क्लबचे सर्वश्रेष्ठ खेळाडू कसे ठरवायचे?

प्रश्न : आमच्या गावच्या क्लबचा वर्धापनदिन आहे. आजवरच्या सर्वोत्तम खेळाडूंची क्रमवारी लावायची आहे, पण जुने खेळाडू आणि तरुण पोरं यांचं एकमत होत नाही. काय करावं?
– एक वाचक, कंग्राळी बुद्रुक

उत्तर : चोर्ला घाट उतरून पलीकडे गोव्यात पाहा. वास्कोच्या साळगावकर फुटबॉल क्लबमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर आणि ब्रुनो कुतिन्हो हे दोघेही खेळले. दोघेही भारताचे कर्णधार झाले, दोघांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला. पण ब्रह्मानंद गोलरक्षक, ब्रुनो आघाडीचा खेळाडू. ब्रुनो १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या साळगावकर संघातला. गोल मोजत बसलात तर गोलरक्षक कायम तळाला जाणार. मी स्वतः ब्रह्मानंदांना वर ठेवीन, कारण गोलरक्षकाची एक चूक थेट गोल ठरते आणि हे ओझं त्यांनी वर्षानुवर्षं पेललं.

म्हणून आधी गोलरक्षक, बचाव, मधली फळी, आघाडी असे गट पाडा. दशकंही वेगळी ठेवा. अनवाणी खेळलेल्यांची तुलना स्टडवाले बूट घालून खेळलेल्यांशी करू नका. फक्त तुमच्या क्लबच्या जर्सीतला खेळ धरा. पुढे मोठ्या संघात कोण गेलं, ते इथे गैरलागू.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या गावांतल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांना विचारा, तुम्हाला कोणाची धास्ती वाटायची? आपल्या माणसांचं प्रेम आड येतं, त्यांचं येत नाही. त्यांनी घेतलेली नावं आधी टिपून ठेवा, मगच बैठक बोलवा.