बोलून मन हलके होते, मग मानसतज्ज्ञ कशाला?

आपल्या पॉइंट कुकमध्ये कुणी गुडघा दुखतो म्हटले की चार जण फिजिओथेरपिस्टचा फोन नंबर देतात. पण 'रात्ररात्र झोप लागत नाही' म्हटले, की सल्ला मिळतो, 'जास्त विचार करू नकोस.' आणि ज्यांच्याजवळ मन मोकळे करायचे ती मावशी, ती शेजारीण तिकडेच राहिलेली!

मैत्रिणीशी बोलतोच की, मग मानसतज्ज्ञ कशाला, असे मला बरेचदा विचारले जाते. मैत्रीण धीर देते, आपली बाजू घेते. मानसतज्ज्ञ आपले विचार आपल्यालाच तपासायला शिकवतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास अमेरिकेत मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती याचे चांगले उदाहरण. ती मराठी माणसांपर्यंत आणली मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. ठाण्यात १९९० साली आय. पी. एच. संस्था सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी हेही याच पद्धतीचे पुरस्कर्ते.

समजा, नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी नोकरीसाठी चाळीस अर्ज केले. एकाचेही उत्तर नाही. ते अंथरूण सोडेनासे झाले. एलिस यांच्या मते घटना आणि निराशा यांच्यामध्ये एक विचार दडलेला असतो : 'मला नोकरी मिळालीच पाहिजे, नाही तर मी नालायकच.' आपल्या मराठीत हा सगळा हट्ट एका 'च'मध्ये मावतो! मानसतज्ज्ञ विचारतो, नोकरी हवी हे ठीक, पण हा 'च' कुठून आला? मित्राची नोकरी गेली तर त्याला नालायक म्हणाल का? वाईट वाटणे उरते, पण हातपाय गाळणे कमी होऊ लागते. एका भेटीत हे साधत नाही. घरी सरावही करावा लागतो.

सुरुवात नेहमीच्या जीपीपासून करावी. त्यांनी मानसिक आरोग्याची उपचार योजना करून दिली की मेडिकेअरमधून वर्षाला १० भेटींच्या खर्चाचा काही भाग परत मिळतो. पहिल्या चिठ्ठीवर ६ भेटी, पुढच्यांसाठी पुन्हा जीपीकडे जायचे. वरचे पैसे किती भरावे लागतील ते आधीच विचारावे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना ही सोय नाही. गोळ्या लागल्या तर त्या जीपी किंवा मानसोपचारतज्ज्ञ देतात.

'गावभर होईल' ही धास्ती मात्र नको. सांगितलेले गुप्त ठेवणे मानसतज्ज्ञावर बंधनकारक आहे; जिवाला धोका असणे किंवा कोर्टाचा आदेश असे मोजकेच अपवाद. आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. लाइफलाइनचा १३ ११ १४ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. धोका अगदी समोर असेल तर ट्रिपल झीरो.