सर्पगंधा आणि रक्तवाहिन्यांचे मज्जातंतू-नियंत्रण

सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे वैद्यबंधूंस विदित आहेच. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या उपयोगाचा आपला अनुभव 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. पुढे 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्या मुळातून रिसर्पिन वेगळे काढले. परंतु हा रक्तदाब कोणत्या मार्गाने उतरतो, हे जाणल्यावाचून तिचा निर्धोक वापर होणे नाही.

रक्तवाहिन्यांच्या भित्तीतील स्नायूंचे आकुंचन अनुकंपी मज्जातंतू राखतात. या तंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पुटिकांत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन साठविलेले असते. रिसर्पिन ही साठवण बंद पाडते आणि पुटिकांबाहेर राहिलेले द्रव्य तंतूतच विघटित होते. तंतूतून आज्ञा येते, परंतु ती स्नायूपर्यंत पोहोचविणारे द्रव्यच उरत नाही.

बर्न व रँड यांच्या 1958 मधील प्राणिप्रयोगांत याचा प्रत्यय येतो. टायरामिन साठ्यातील नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बाहेर काढून रक्तदाब चढविते. रिसर्पिन दिलेल्या प्राण्यांत ते निष्प्रभ ठरले. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनला मात्र रक्तवाहिन्यांनी नेहमीपेक्षा अधिक प्रतिसाद दिला आणि ते शिरेतून पुरविल्यानंतर टायरामिनचा प्रभावही परतला. म्हणजे रक्तवाहिनी शाबूत होती. कोठार तेवढे रिते होते.

औषध थांबविताच हे कोठार भरत नाही. नव्या पुटिका घडून तंतूच्या टोकापर्यंत येण्यास अनेक दिवस, कधी आठवडेही लागतात.

आमच्या एका रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी चार दिवस सर्पगंधा वटी थांबविली आणि भूलतज्ज्ञांस ‘कोणतेही औषध चालू नाही’ असे सांगितले. आम्हीही चिठ्ठी दिली नव्हती. भूल दिल्यावर रक्तदाब घसरला व इफेड्रिनने पुरेसा चढला नाही, कारण इफेड्रिनचे कार्यही बव्हंशी याच साठ्यावर अवलंबून असते. रुग्ण सावरला, चूक आमची होती.

तेव्हापासून आम्ही सर्पगंधेची मात्रा, आरंभ आणि ती थांबविल्याची तारीख रुग्णाच्या कार्डावर लिहून देतो. नाक चोंदणे हेही वाहिन्यांच्या याच शैथिल्याचे लक्षण असू शकते. प्रतिश्याय समजून लगेच सोमलता योजू नये. मेंदूतील साठेही रिते होत असल्याने विषादाचा पूर्वेतिहास अवश्य विचारावा. औषधविक्रेत्यांनीही चिठ्ठीवाचून सर्पगंधा देऊ नये आणि देताना अन्य कोणती औषधे चालू आहेत, याची चौकशी करावी, ही विनंती.