पुराचा पोयटा मातीत मिसळण्याआधी

मुळा-मुठेचं पाणी ओसरलं की मांजरी, थेऊर, कोरेगाव मूळच्या काठच्या रानांत बोट-दोन बोटं गाळ बसलेला दिसतो. पुराचा पोयटा म्हणजे फुकटचं खत, हे आपण वाडवडिलांपासून ऐकत आलो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गावतळ्याचा गाळ रानात टाकून अनेकांनी फायदाही पाहिला. पण पुणे शहर ओलांडून आलेला गाळ त्या जातीचा नाही.

रस्त्यावरची धूळ, टायर-ब्रेकची झीज, मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी, जुन्या बॅटऱ्या आणि रंग यांतलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, जस्त शहरातल्या ओढ्यांच्या तळाशी वर्षभर साचत राहतं. हे धातू रेतीला फारसे धरत नाहीत, बारीक चिकणमातीला आणि कुजक्या घाणीला धरतात. पूर नेमका तोच बारीक गाळ उचलतो आणि पाणी जिथं संथ होतं तिथं, म्हणजे आपल्या रानात, टाकतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा फुटून वाहिला, तेव्हा त्याचा तळही खरवडला गेला असणार. शहरातला ओढा धुतला जातो, ओझं खालच्या गावांवर येतं.

गाळ काळा असेल आणि कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर जास्त जपा. हवा न लागलेल्या चिखलात धातू गंधकाशी बांधलेले असतात. तो सुकून हवा लागली की ही गाठ सुटते आणि मुळांना ते घेता येतात. म्हणून थर जाड असेल तर चामड्यासारखा झाला की, भुकटी होण्याआधी, खोऱ्याने खरवडून काढा. तो उकिरड्यात किंवा ओढ्यात टाकू नका. विहिरीपासून लांब, पाण्याच्या वाटेबाहेर ढीग लावून झाकून ठेवा. नांगर त्यानंतरच घाला, कारण एकदा मिसळलेला धातू कुजत नाही की उडून जात नाही.

यंदा त्या तुकड्यात पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा घेऊ नका. पालेभाज्या कॅडमियम पटकन ओढतात. झेंडू, निशिगंध घ्या. चुनखडीच्या काळ्या रानात सामू आधीच चढा असतो, तिथं चुना टाकण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर द्या, ते धातू धरून ठेवतं. पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यात उन्हाळाभर साठलेली घाण असते, तेव्हा नदीवरची मोटर बंद ठेवा. गाळ चिकटलेलं गवत जनावरांना घालू नका.

माती परीक्षणाला वरचा गाळ आणि खालची १५ सेंटिमीटरपर्यंतची जुनी माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. जस्ताचा पत्रा किंवा गंजलेलं खुरपं वापरू नका, लाकडी किंवा प्लास्टिकचं साधन घ्या. नेहमीच्या तपासणीत जस्त, तांबं, लोह, मंगल येतं. शिसं आणि कॅडमियम मुद्दाम मागून घ्यावं लागतं, तेव्हा अर्जावर दोन्ही नावं स्पष्ट लिहा.